उलटतपासणी करणारा माणूस

कोर्टाची पायरी एकदा चढलेल्या माणसाला सरतपासणी आणि उलटतपासणी यांतला फरक सांगावा लागत नाही. सरतपासणीत आपलाच वकील प्रश्न विचारतो. ‘त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?’ असं हळुवार. उत्तर त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. मग पलीकडचा वकील गाऊन सावरत उठतो. आपलंच मागचं वाक्य आपल्याला वाचून दाखवतो, ‘हो की नाही एवढंच सांगा’ म्हणतो, आणि साक्षीदार पाण्याचा ग्लास शोधू लागतो.

नेत्यांना टीव्हीवर उलटतपासणीचे प्रश्न विचारले जावेत, अशी आपली आज अपेक्षा असते. पुरी होते की नाही ते सोडा. टीव्ही नवा होता तेव्हा मात्र तिथे फक्त सरतपासणी चालायची. ब्रिटनमध्ये हे चित्र १९५५ नंतरच्या तीन-चार वर्षांत पालटलं, आणि त्यात एका माणसाचा वाटा इतरांपेक्षा बराच मोठा होता. सर रॉबिन डे. वकिलीची सनद घेतलेला पण वकिलीत न रमलेला, ठिपक्यांचा बो-टाय आणि जाड फ्रेमचा चष्मा लावणारा हा गृहस्थ पुढची तीसेक वर्षं ब्रिटिश पुढाऱ्यांना घाम फोडत राहिला. राजकीय मुलाखत म्हणजे नेमकं काय, ती चालते कशी आणि बिघडते कशी, हे समजून घ्यायला त्याच्या आयुष्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी काय होतं ते बघू. १९५१ची निवडणूक. हुजूर पक्षाचे अँथनी ईडन टीव्हीवर येतात. समोर लेस्ली मिचेल हा त्या काळचा प्रसिद्ध निवेदक. त्याच्या पहिल्या प्रश्नाचा भावार्थ असा : ईडनसाहेब, परराष्ट्र व्यवहारातला आपला अनुभव एवढा दांडगा, तेव्हा सुरुवात जगाच्या परिस्थितीपासून करावी हे उघडच आहे, की आपल्याला देशातल्या प्रश्नांवर बोलायला आवडेल? बोला, काय घ्यायचं?

हॉटेलात वेटर ऑर्डर घेतो तशी ही मुलाखत. न्यायाने सांगायचं तर हा पक्षाच्या प्रचाराचाच कार्यक्रम होता, त्यामुळे प्रश्नही घरचेच. पण बातमीदारांचे प्रश्न तरी कुठे वेगळे होते? त्याच काळात मजूर पक्षाचे नेते क्लेमंट ॲटली यांना कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं, की तुमचा पुढचा कार्यक्रम काय? ते म्हणाले, इथून सुटलो की बैठकीला जातो, तिथे तेच ठरवायचं आहे. निवडणुकीबद्दल आणखी काही सांगायला आवडेल का? ॲटली म्हणाले, ‘नाही.’ संपलं. आपल्याकडे बूम पुढे करून ‘साहेब, काय सांगाल?’ विचारणाऱ्यांना हसण्याआधी ही फिल्म बघावी. बाईट अशीच घेतात, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

त्यामागे नुसता भिडस्तपणा नव्हता, नियमही होता. पार्लमेंटमध्ये येत्या चौदा दिवसांत ज्या विषयावर चर्चा होणार असेल, त्या विषयावर बीबीसीने चर्चा घडवायची नाही. युद्धकाळात बीबीसीने स्वतःच लावून घेतलेलं हे बंधन १९५५मध्ये सरकारने रीतसर आदेश काढून पक्कं केलं. चर्चिलसाहेबांचं म्हणणं असं, की निवडून न आलेल्या, कसलीच जबाबदारी नसलेल्या मंडळींनी खासदारांच्या आधी विषय चघळावा हे धक्कादायक आहे. आज हे वाचून हसू येतं. पण त्यात एक खरी शंका दडलेली होती : लोकांच्या वतीने सरकारला जाब विचारायचा हक्क कोणाचा, निवडून दिलेल्या खासदाराचा की पगारी टीव्हीवाल्याचा? ही शंका पुढे जन्मभर रॉबिन डेच्याही मानगुटीवर बसलेली होती, म्हणून ती लक्षात ठेवा.

१९५६च्या शरदात सुएझ कालव्यावरून ब्रिटन युद्धात उतरला. चहाच्या टपरीपासून क्लबापर्यंत देशात दुसरा विषय नव्हता आणि नियमाप्रमाणे टीव्हीने मात्र मूग गिळून बसायचं. त्या डिसेंबरमध्ये नियम स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी कायमचा गेला. त्याच सुमाराला दुसरा बांध फुटला होता. सप्टेंबर १९५५मध्ये आयटीव्ही सुरू झालं, जाहिरातींवर चालणारं पहिलं चॅनल, आणि त्याच्या बातम्यांसाठी आयटीएन नावाची संस्था. तोवर बीबीसीच्या टीव्ही बातम्यांत वाचणाऱ्याचा चेहराही दाखवत नसत. चेहरा दिसला की त्याच्या भुवयांवरून मत कळेल, ही भीती. प्रतिस्पर्धी येणार म्हटल्यावर बीबीसीने आपली माणसं घाईघाईने पडद्यावर आणली. आयटीएनने आपल्या माणसांना बातम्या वाचणारे म्हटलंच नाही. ‘न्यूजकास्टर’ हा अमेरिकी शब्द उचलला. या माणसाने बातमी स्वतः लिहायची, बाहेर जाऊन प्रश्न विचारायचे आणि मग येऊन सांगायची. पहिल्या न्यूजकास्टरांत दोन नावं होती. एक ख्रिस्तोफर चॅटवे, वर्षभरापूर्वी रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावला तेव्हा त्याला वेग देणारा धावपटू. दुसरा रॉबिन डे, ज्याला कोणीच ओळखत नव्हतं.

डेचा जन्म लंडनचा, २४ ऑक्टोबर १९२३चा. वडील टेलिफोन खात्यात. युद्धात तोफखान्यात नोकरी, काही काळ पूर्व आफ्रिकेत. मग ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास आणि तिथल्या वादविवादाच्या प्रसिद्ध सभेचं, ऑक्सफर्ड युनियनचं, अध्यक्षपद. १९५२मध्ये सनद मिळाली. वकिली जेमतेम केली, वॉशिंग्टनला ब्रिटिश माहिती खात्यात दिवस काढले, बीबीसी रेडिओवर तात्पुरती नोकरी केली. वयाची तिशी उलटली तरी या हुशार पोराचं काय होणार, असा प्रश्न पडावा अशी ही वाटचाल. ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्ष पुढे मंत्री होतात, असा तिथला रिवाज. हा टीव्हीवर बातम्या सांगू लागला.

१९५७मध्ये त्याने कैरो गाठलं. सुएझला वर्षही उलटलं नव्हतं, ब्रिटन आणि इजिप्तचे राजनैतिक संबंध तुटलेले, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांतला सर्वांत मोठा खलनायक कोण, तर इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर. त्या नासरसमोर कॅमेरा लावून डे बसला. इस्राएल हे स्वतंत्र, सार्वभौम राष्ट्र म्हणून कायम राहणार हे तुम्ही आता मान्य करता, असं समजायचं का? नासर म्हणाले, तुम्ही घाईने निष्कर्षाला पोचताय. डे म्हणाला, ‘नाही, मी प्रश्न विचारतोय.’

हे चार शब्द पुन्हा वाचा. त्यात अरेरावी नाही, मत नाही, माघारही नाही. उलटतपासणीचा पहिला धडा हाच, की साक्षीदाराने प्रश्नाला आरोप ठरवायचा प्रयत्न केला की तो शांतपणे पुन्हा प्रश्नाच्या जागी आणून ठेवायचा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर ब्रिटिश प्रेक्षकांना पहिल्यांदाच शत्रू समोरासमोर, स्वतःच्या आवाजात बोलताना दिसला. परराष्ट्र खात्याला जे संभाषण करता येत नव्हतं ते एका न्यूजकास्टरने केलं.

मग फेब्रुवारी १९५८. पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन. जानेवारीत त्यांच्या अर्थमंत्र्याने दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला होता आणि मॅकमिलन ‘किरकोळ घरगुती अडचण’ अशा अर्थाचं एक वाक्य विमानतळावर टाकून कॉमनवेल्थच्या लांबलचक दौऱ्यावर निघून गेले होते. हा दौरा दिल्लीहूनच पुढे गेला. पदावर असताना भारतात आलेले ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान. निघताना विमानतळावर त्यांना उलट प्रश्न कोण विचारणार? परतल्यावर ते आयटीएनच्या स्टुडिओत आले तेव्हा मात्र समोर डे होता. परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्यावर वर्तमानपत्रांत टीका होतेय, तिच्यावर तुमचं म्हणणं काय, असं त्याने विचारलं. म्हणजे तुमच्याच मंत्रिमंडळातल्या माणसाबद्दल, सगळ्या देशासमोर, आत्ता. मॅकमिलननी उत्तर चोख दिलं : लॉइड उत्तम काम करतायत, तसं वाटलं नसतं तर मी बदल केला असता, पण केवळ दबावाखाली बदल करणं माझ्या निष्ठेच्या कल्पनेत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी गहजब. पंतप्रधानाची जाहीररीत्या झालेली ही सर्वांत जोरकस उलटतपासणी, असं एका दैनिकाने लिहिलं. हा शब्द मी चिकटवलेला नाही, त्यांनीच वापरला. एका गाजलेल्या स्तंभलेखकाने टीव्हीला ‘मूर्खांचा कंदील’ म्हणत, हा कंदील आता फारच फडफडायला लागलाय असा सूर लावला. पंतप्रधानाने पार्लमेंटला उत्तर द्यायचं की या चष्मेवाल्याला? गंमत अशी, की मॅकमिलन स्वतः खूश होते. जुन्या वळणाच्या या धूर्त माणसाला कळलं होतं, की अवघड प्रश्नाला दिलेलं चांगलं उत्तर लाखो घरांत एकाच वेळी पोचतं. सोप्या प्रश्नाच्या उत्तराला काडीची किंमत नसते.

आता थोडं यंत्र उघडून बघू. वर्तमानपत्र अग्रलेख लिहू शकतं. ब्रिटिश टीव्हीला ती मुभा नव्हती आणि नाही. १९५४च्या टेलिव्हिजन कायद्याने आयटीव्हीच्या बातम्यांवर अचूकपणाचं आणि निष्पक्षतेचं बंधन घातलं. पडद्यावरच्या माणसाने ‘हा मंत्री नालायक आहे’ म्हणायचं नाही. मग त्याच्या हातात उरतं काय? फक्त प्रश्न. म्हणून प्रश्नाची घडण महत्त्वाची. मॅकमिलनना विचारताना डे ‘मला वाटतं’ म्हणत नाही, ‘टीका झाली आहे’ म्हणतो. मत दुसऱ्याचं, जबाब तुमचा. ‘तुमचे टीकाकार म्हणतात’ हे आज झिजून गुळगुळीत झालेलं वाक्य तेव्हा नवंकोरं हत्यार होतं. दुसरी युक्ती म्हणजे मागचं विधान काढून दाखवणं. तिसरी सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड : ऐकणं. समोरचा बोलत असताना पुढच्या प्रश्नाचा कागद न बघता त्याच्या उत्तरातली फट शोधायची. चौथ्या प्रश्नावर अडखळणारा नेता पहिल्या प्रश्नावर कधीच अडखळत नाही. आणि वकिलाच्या कामाशी एक मोठा फरक आहे. ज्याचं उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, असं वकिलांना शिकवतात. पत्रकाराला नेमका तोच विचारावा लागतो.

डेने १९६१च्या आपल्या पुस्तकात मुलाखतकारासाठी एक आचारसंहिताच लिहून ठेवली. तिच्यातलं बरंचसं आजच्या कुठल्याही न्यूजरूमच्या भिंतीवर लावावं असं. सत्ताधाऱ्यांसमोर दबून जाऊ नका. अडचणीचे विषय टाळून प्रामाणिकपणा विकू नका. प्रश्न आधी देऊ नका, विषय कोणते एवढं सांगायला हरकत नाही. प्रश्न चिकाटीने लावून धरा, पण कंटाळा येईल इतका नाही, अपमान होईल असा नाही आणि आपण किती कडक हे दाखवण्यासाठी तर नाहीच. यातलं माझं आवडतं कलम असं, की टीव्हीची सवय नसलेल्या माणसाला आपल्या अनुभवाच्या जोरावर कोंडीत पकडू नका. मंत्र्याला धरा. पूरग्रस्ताला, अपघातात माणूस गमावलेल्या घराला ती भाषा वापरू नका. एका डेस्कवर काही वर्षं काढली असल्याने सांगतो, प्रत्यक्षात बरेचदा उलटं होतं. मंत्र्याला ‘काय सांगाल?’ आणि रडणाऱ्या आईला प्रश्नांच्या फैरी.

शेवटचं कलम असं : मुलाखतकाराला नोकरीवर ठेवलेलं असतं ते वादपटू, सरकारी वकील, इन्क्विझिटर (धर्मन्यायसभेतला चौकशी करणारा) किंवा मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नाही, प्रेक्षकाच्या वतीने माहिती मागणारा पत्रकार म्हणून.

मधल्या काळात त्याने स्वतः राजकारणात उडी मारून पाहिली. १९५९च्या निवडणुकीत हेरफर्डमधून लिबरल पक्षाच्या तिकिटावर उभा राहिला आणि पडला. त्याच वर्षी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात गेला, आणि मग पुढची तीसेक वर्षं बीबीसीचाच राहिला. खासदार होता आलं नाही याची खंत त्याला होती, असं त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे सांगतात. मला वाटतं, त्याच्या प्रश्नांना जी धार होती तिच्यात या खंतीचा अंश असावा. दाराबाहेर राहिलेल्याला आतल्या माणसाची किंमतही कळते आणि त्याचं ढोंगही.

१९७९च्या सप्टेंबरात बीबीसीने त्याला एक लहानसा कार्यक्रम दिला. रेडिओवर चालणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या जुन्या कार्यक्रमाचा हा टीव्ही अवतार, काही महिने चालवून बंद करायचा बेत. नाव ‘क्वेश्चन टाइम’. चार पाहुणे, समोर सामान्य प्रेक्षक, प्रश्न प्रेक्षकांचे आणि मध्ये डे. पन्नाशी ओलांडलेला, सिगार ओढणारा, खर्जातल्या आवाजाचा हा माणूस इथे निराळाच निघाला. मिश्कील, प्रेक्षकांना दटावणारा, स्वतःवर विनोद करणारा. त्याने तो दहा वर्षं चालवला, आणि तो कार्यक्रम अजून चालू आहे. व्यंगाच्या कार्यक्रमांत त्याचा रबरी बाहुला आला. १९८१मध्ये तो ‘सर’ झाला.

आणि मग तो प्रसंग, ज्याच्यामुळे आजही त्याचं नाव निघतं. ऑक्टोबर १९८२, ब्रायटन, हुजूर पक्षाचं अधिवेशन. समोर संरक्षणमंत्री जॉन नॉट. पार्श्वभूमी थोडक्यात : आदल्या वर्षी नॉटनी नौदलात कपात जाहीर केली, १९८२च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली, आणि ती परत जिंकायला धावावं लागलं त्याच नौदलाला. युद्ध जिंकलं तरी कपातीचा वाद शिल्लक होता. मध्येच नॉटनी जाहीर करून टाकलं होतं, की पुढची निवडणूक मी लढवणार नाही. डेने हे दोन धागे एकत्र वळले. नौदलाच्या भवितव्याबद्दल लोकांनी तुमच्यावर का विश्वास ठेवावा, त्याने विचारलं, म्हणजे एका तात्पुरत्या, आज आहे आणि, असं म्हणण्याची मुभा असेल तर, उद्या नसणाऱ्या राजकारण्यावर? वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर का नको?

पडद्यावर दिसतं ते असं : नॉट खुर्चीतून उठतात. या मुलाखतीचा मला कंटाळा आलाय, हा निव्वळ हास्यास्पद प्रकार आहे, असं काहीसं पुटपुटत कोटाला लावलेला माइक काढतात, खाली टाकतात आणि चालू लागतात. डे जागचा हलत नाही. ‘थँक यू, मिस्टर नॉट’ म्हणतो, बिल चुकतं करून गेलेल्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

आता त्या प्रश्नाकडे वकिलाच्या नजरेने बघा. कर्ता ‘लोक’ आहेत, डे नाही. ‘असं म्हणण्याची मुभा असेल तर’ हा मखमली तुकडा बरोबर डंखाच्या आधी बसवलाय. पण तेवढ्यापुरता हा प्रश्न त्याच्याच आचारसंहितेच्या काठावर होता, हेही खरं. ‘उद्या नसणारा’ हा शेरा माहिती काढायला लागत नव्हता. त्याने टाळी मिळवली आणि उत्तर गमावलं. नौदलाबद्दल नॉट पुढे काय बोलले असते, ते आपल्याला कधीच कळणार नाही. नॉटनी मात्र वीस वर्षांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘हिअर टुडे, गॉन टुमॉरो’. अशी खिलाडूवृत्ती असावी.

उठून जाणारे नेते क्वचितच भेटतात. खरा धोका बसून राहणाऱ्यांचा. मार्गारेट थॅचर यांनी डेचं हत्यार बोथट करून टाकलं. त्या प्रश्नाला भांडत नसत, प्रश्नाच्या बाजूने निघून जात. डेने एक विचारावं आणि बाईंनी आपले तीन मुद्दे, आकडे आणि विरोधकांचा समाचार असं श्वास न घेता सांगत राहावं. मध्ये थांबवायला जावं तर प्रेक्षकांना वाटणार, बाईमाणसाला हा बोलू देत नाही. आपण पक्षाचा प्रचार करत नसून मुलाखत घेतोय आणि तिच्यात अधूनमधून मला प्रश्न विचारावे लागतात, अशी आठवण त्याला पंतप्रधानांना करून द्यावी लागली. पुढे तो विनोदाने म्हणायचा, मुलाखतीची सुरुवातच अशी करायला हवी : ‘प्रधानमंत्री, माझ्या पहिल्या प्रश्नाला तुमचं उत्तर काय आहे?’

पक्षांनी माणसं ठेवून नेत्यांना मुलाखतीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, तसा हा खेळ बदलला. शक्यतो थेट प्रक्षेपणच घ्या, म्हणजे कापाकापी नाही. ‘महत्त्वाचा मुद्दा असा आहे’ म्हणून वळण घ्या. वेळ संपेपर्यंत बोला. समोरच्यांनीही आवाज चढवला. १९९७मध्ये बीबीसीचा मुलाखतकार जेरेमी पॅक्समन याने माजी गृहमंत्री मायकल हॉवर्डना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला तो याच वाटेवर. तो प्रसंग पराक्रम म्हणून सांगितला जातो. पॅक्समननेच नंतर सांगितलं, की पुढची फीत तयार नव्हती आणि वेळ काढायचा होता.

चौदा दिवसांच्या नियमातली ती शंका डेने कधी झटकली नाही. स्टुडिओ हे पार्लमेंट नव्हे, असंच त्याचं मत होतं, आणि त्याने काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो : नेत्यांना स्टुडिओत ओढण्यापेक्षा कॅमेरा पार्लमेंटमध्ये न्या. १९६३पासून तो हे लिहून मागत होता. खासदार नाही म्हणत राहिले, दिव्यांचा प्रकाश डोळ्यांवर येईल इथपासून पुढारी नट होतील इथपर्यंत कारणं देत. २१ नोव्हेंबर १९८९ला कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, कॅमेरे सुरू झाले. त्याच वर्षी त्याने ‘क्वेश्चन टाइम’ सोडलं.

६ ऑगस्ट २०००ला तो गेला. त्याच्या आत्मचरित्राचं नाव ‘ग्रँड इन्क्विझिटर’. इन्क्विझिशन म्हटलं की आपल्याला गोव्यातली पोर्तुगीजांची धर्मन्यायसभा आठवते, बंद दारामागची चौकशी. डॉर्सेटमधल्या व्हिटचर्च कॅनोनिकोरम या खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड आहे, आणि त्याच्यावर तेच दोन शब्द कोरलेले आहेत. मुलाखतकार म्हणजे इन्क्विझिटर नव्हे, असं चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या दगडावर.